ध्रुवावरचे हिम जिवंत आहे काय?

थंडी आणि मरण यांची सांगड आपल्या बोलण्यातच पक्की बसलेली आहे. पौषातल्या रात्री विजेच्या पाळीप्रमाणे गव्हाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी सकाळी घरी येऊन म्हणतो, "थंडीनं मेलो बुवा!" अंगात धुगधुगी आहे म्हणजे जीव आहे, आणि अंग गार पडले म्हणजे सारे आटोपले, असा आपला हिशेब. हाच हिशेब आपण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंनाही लावतो. मासळी बर्फात घातली, दूध गार केले, की जंतूंचा निकाल लागला असे आपण धरून चालतो. पाणी चांगले उकळले तर ही खात्री बाळगायला हरकत नाही. पण बर्फाविषयी ती बाळगावी काय?

या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर थंडीची जिथे परमावधी आहे तिथेच गेले पाहिजे. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, तेव्हा लांबच्या प्रवासाची मला सवय आहे; अर्थात नकाशावरच्या! आज आपण दक्षिण ध्रुवावर जाऊ, तिथले ओंजळभर हिम उचलू, आणि त्यात कोणी राहते काय हे पाहू.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. हिम आणि बर्फ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, कारण आपल्याकडे हिम पडतच नाही. बर्फ म्हणजे गोठून दगड झालेले पाणी. हिम म्हणजे आकाशातून भुरभुर उतरणारे, पिंजलेल्या कापसासारखे पांढरे कण. ध्रुवावर पडलेले हिम वितळत नाही. दर वर्षीच्या थरावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. गंजीतला खालचा कडबा वरच्या भाराने दाबला जातो, तसे खालचे हिम दाबले जाऊन शेकडो वर्षांनी त्याचा घट्ट बर्फ होतो.

अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीहून अधिक. दक्षिण ध्रुवावर उभे राहिले तर पायाखाली जमीन नसते, सुमारे २,७०० मीटर जाडीचा बर्फ असतो. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. तेव्हा दीड कळसूबाई बर्फात बुडेल एवढी ही जाडी. तिथले वर्षाचे सरासरी तपमान शून्याखाली सुमारे ४९ अंश सेंटिग्रेड. घरातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, जिथे बर्फ होतो तिथे, साधारण शून्याखाली १८ अंश असतात. त्याहूनही तीस अंशांनी थंड, आणि तेही सरासरी! २०११ सालच्या २५ डिसेंबरला ध्रुवावर हवेचे तपमान शून्याखाली १२.३ अंशांपर्यंत चढले, आणि तो तिथला तोवरचा उन्हाळ्याचा उच्चांक ठरला. याच खंडावर वोस्तोक या रशियन ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी शून्याखाली ८९.२ अंशांची नोंद झाली आहे.

नुसती थंडीच असती तर एक वेळ चालले असते. तिथे वर्षभरात जे हिम पडते ते वितळवले तर पाणी भरते जेमतेम आठ सेंटिमीटर. आपल्या माण तालुक्यातल्या अवर्षणाने पिचलेल्या गावांतही याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. बर्फाच्या एवढ्या राशीवर उभे राहूनही ध्रुव हे एक वाळवंटच आहे, कारण पाणी आहे पण ते प्यायच्या रूपात नाही. शिवाय सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. दिवसा ऊन मावळतच नाही, आणि त्या उन्हातले जंबुपार किरण उघड्यावरच्या जिवाला भाजून काढतात. पेंग्विन पक्षी राहतात ते किनाऱ्याकडे. ध्रुवावर ना गवताची काडी, ना मुंगी. १४ डिसेंबर १९११ रोजी अमुंडसेन तिथे प्रथम पोचला, १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट पोचला, आणि परतीच्या वाटेवर स्कॉट व त्याचे चारही सोबती मरण पावले. अशी ही जागा.

आता जंतूंचा शोध. तो त्या धाडसी काळातच सुरू झाला होता. १९०२ ते १९०३ या काळात स्वीडनची एक तुकडी अंटार्क्टिकाच्या टोकाशी स्नो हिल नावाच्या बेटावर अडकून पडली होती. तिच्यात एरिक एकेलॉफ नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या हवेतले, मातीतले जंतू शोधण्याचे प्रयोग केले. हवेत जंतू फारच विरळ आढळले. पुढे १९११ ते १९१४ या काळात मॉसन यांच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेत आर्चिबॉल्ड मॅक्लीन या डॉक्टरांनी किनाऱ्याजवळच्या बर्फात आणि हिमात जंतू असल्याचे दाखवले. पण हे सारे किनाऱ्याचे. समुद्र जवळ, पक्षी जवळ. थेट ध्रुवावर, समुद्रापासून शेकडो कोस आत, काय असेल?

त्याचे उत्तर २००० साली आले. एडवर्ड कार्पेंटर, सेंजी लिन आणि डग्लस कॅपोन या तीन शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावरचे हिम तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. हिम वितळवले, त्या पाण्यात एक विशेष रंगद्रव्य घातले. हे द्रव्य जंतूच्या पेशीतल्या डी.एन.ए.ला, म्हणजे तिच्या आनुवंशिक द्रव्याला, चिकटते आणि विशिष्ट प्रकाशात चकाकते. मग सूक्ष्मदर्शक यंत्राखाली काळ्या रात्री काजवे मोजावेत तसे जंतू मोजता येतात. त्यांना एक मिलिलिटर पाण्यात २०० पासून ५,००० पर्यंत जंतू आढळले. चहाचा लहान चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. तेव्हा एका चमच्यात हजार ते पंचवीस हजार!

आकडा मोठा वाटतो, पण तुलना करून पाहा. आपल्या शेतातल्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू असतात. त्या हिशेबाने ध्रुवावरचे हिम म्हणजे ओसाड माळच. तरीसुद्धा माळ ओसाड असणे वेगळे आणि तिथे कोणी नसणे वेगळे.

हे जंतू कोणाच्या गोत्रातले, हेही पाहिले गेले. माणसांची वंशावळ जशी आडनावावरून आणि गावावरून लावतात, तशी जंतूंची वंशावळ आता त्यांच्या आनुवंशिक द्रव्यावरून लावतात. त्यांतल्या काहींचे नाते 'डायनोकॉकस' नावाच्या कुळाशी जुळले. या कुळाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात डबाबंद मांसावर किरणांचा जबर मारा करून ते टिकवण्याचे प्रयोग चालू होते. एवढ्या माऱ्यात कोणताही जीव उरायचा नाही अशी अपेक्षा होती. पण एक डबा खराब झालाच! त्यात हा जंतू सापडला. किरणांनी त्याच्या आनुवंशिक द्रव्याचे तुकडे झाले तरी तो ते पुन्हा जुळवतो. त्याची ही कला मूळची वाळून कोरडे पडण्याला तोंड देण्यासाठी असावी, असे पुढच्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे ज्याला कोरडेपणा सोसतो त्याला किरणेही सोसतात. ध्रुवावर दोन्ही संकटे हजर आहेत, तेव्हा असल्या कुळातली मंडळी तिथे भेटावीत यात नवल नाही.

ते तिथे गेले कसे? वाऱ्याने. ध्रुवाच्या खोल बर्फात दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाची धूळ सापडते. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून जिथे धूळ जाते तिथे धुळीवर बसलेला जंतूही जाणारच. पिकावरचा तांबेरा कसा वाऱ्यावर स्वार होऊन एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

आणि इथेच, श्रोतेहो, आपल्या विषयाची खरी गाठ आहे. वाऱ्याने आलेला जंतू हिमात पडला, एवढ्यावरून तो तिथे 'जगतो' असे म्हणता येईल काय? महापुरात वाहून आलेले ओंडके गावच्या नदीकाठाला लागतात; म्हणून कोणी त्यांना गावची झाडे म्हणत नाही. तिथे 'असणे' आणि तिथे 'जगणे' या दोन गोष्टी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पहिली दिसते, दुसरी दिसत नाही. जिवंत जंतू आणि मेलेला जंतू दोघेही चकाकतात.

ही अडचण सोडवायला कार्पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी एक युक्ती वापरली. जंतूंना खुणेचे अन्न द्यायचे. बाजारात हरवू नये म्हणून आपण बैलाच्या शिंगांना रंग लावतो ना, तशी अन्नाच्या कणांना किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावायची. अन्न दोन तऱ्हेचे घ्यायचे. एक, आनुवंशिक द्रव्य बनवायला लागणारे; दुसरे, प्रथिने बनवायला लागणारे. मग हिम थंडच ठेवून काही काळाने पाहायचे, की ही खूण जंतूंच्या शरीरात गेली काय. गेली असेल तर घरात चूल पेटलेली आहे. त्यांनी शून्याखाली १२ ते १७ अंशांवर पाहिले आणि त्यांना चूल पेटलेली आढळली. अगदी मंद, पण पेटलेली. दक्षिण ध्रुवाच्या हिमात जंतू आहेत, एवढेच नव्हे तर ते तिथे आपला संसार करीत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बातमी जगभर गाजली. पण शास्त्रात गाजणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. २००३ साली त्याच नियतकालिकात स्टीफन वॉरन आणि स्टीफन हडसन या दोघांनी या निष्कर्षावर शंका घेतली. जंतू आहेत हे मान्य, पण ते तिथे कामकाज करतात हे संशयास्पद आहे, असे त्यांनी मांडले. शंकेला जागा कुठे आहे ते आपल्यालाही कळण्यासारखे आहे. मघाशी मी ध्रुवावरची तपमाने सांगितली ती आठवा. प्रयोग झाला शून्याखाली १२ ते १७ अंशांवर. ध्रुवावर हवा इतकी ऊबदार होणे हा विक्रमाचा दिवस! सरासरी तर त्याहून तीस-पस्तीस अंशांनी खाली. मग प्रयोगात जे दिसले ते ध्रुवावर वर्षभर घडत असेल, असे कशावरून?

दुसरा प्रश्न पाण्याचा. जंतू लहान असला तरी त्याला तोंड नाही, दात नाहीत. त्याचे सारे खाणेपिणे भोवतालच्या पाण्यातून पाझरून होते. द्रव पाणी नाही म्हणजे दाराशी धान्य असून आत आणता येत नाही. मग गोठलेल्या हिमात द्रव पाणी येते कोठून?

याचे उत्तर तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिलेले आहे. पॉटचे आइस्क्रीम करताना भांड्याभोवती बर्फ भरतात आणि त्यावर खडेमीठ टाकतात. मिठाचे पाणी शून्याच्या बरेच खाली गेले तरी गोठत नाही, पातळ राहते. निसर्गातही असेच होते. पाण्याचा स्फटिक बनताना तो क्षार आणि आम्ले आपल्या अंगात घेत नाही, बाहेर ढकलतो. ती सारी स्फटिकांच्या सांध्यांत गोळा होतात, आणि तिथे केसाहूनही बारीक अशा पातळ द्रवाच्या शिरा राहतात. २००० सालीच ब्युफोर्ड प्राइस या शास्त्रज्ञांनी दाखवले, की घट्ट बर्फातल्या या शिरांमध्ये जंतूला राहायला जागा, पाणी आणि थोडे अन्न मिळू शकते. दगडी भिंतीच्या सांध्यात जसे पिंपळाचे रोप तग धरते, तसाच हा प्रकार.

पण शिरेत पाणी मिळाले तरी गारठ्याचे काय? त्याचाही बंदोबस्त या जंतूंकडे असतो. स्वयंपाकघरातल्या दोन बाटल्या पाहा. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजते. करडईचे तेल पातळच राहते. तेला-तेलांत फरक असतो. जंतूच्या पेशीभोवतीचे आवरणही स्निग्ध द्रव्यांचे असते. साध्या जंतूचे आवरण थंडीत खोबरेलासारखे थिजते, आणि अन्नाची ये-जा बंद होते. थंडीला सरावलेला जंतू आपल्या आवरणात करडईच्या जातीची द्रव्ये वाढवतो. काही जंतू अशी प्रथिने तयार करतात, की ती बर्फाच्या बारीक स्फटिकांना चिकटून त्यांना वाढू देत नाहीत. काही स्वतःभोवती बुळबुळीत गोंदासारखा थर करतात. थोडक्यात, घोंगडी, शेकोटी आणि कुडाची भिंत असा सगळा जामानिमा या एका पेशीच्या जिवाजवळ आहे.

मग ध्रुवावरच्या या जिवांना जगणारे म्हणायचे की नाही? प्राइस आणि टॉड सॉवर्स यांनी २००४ साली थंडीतल्या जंतूंविषयीची पुष्कळ मोजमापे एकत्र करून जगण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. मला ही मांडणी फार उपयोगी वाटते. पहिली पायरी वाढीची: जंतू खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. दुसरी निर्वाहाची: तो वाढत नाही, पण हिंडतो-फिरतो, आपले घर चालवतो. तिसरी नुसत्या तगण्याची: काळाच्या ओघात आनुवंशिक द्रव्याची आणि प्रथिनांची जी मोडतोड होते तेवढीच दुरुस्त करतो, बाकी काही नाही. या तिन्ही पायऱ्यांवर लागणाऱ्या खर्चाचे प्रमाण सुमारे १० लाखाला १ हजाराला १ असे आहे. सुगीचे साल, बेताचे साल आणि दुष्काळाचे साल, असे म्हणा ना! दुष्काळात घरधनी नवी खोली बांधत नाही, लग्नकार्य काढत नाही. गळके कौल तेवढे सारखे करतो आणि पावसाची वाट पाहतो. त्याचे घर बंद पडले असे आपण म्हणत नाही.

या पायऱ्या लक्षात घेतल्या म्हणजे वादाचा गुंता बराच सुटतो. शून्याखाली जंतूची वाढ होऊ शकते याला आता पक्का पुरावा आहे. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील कायम गोठलेल्या जमिनीतून मिळालेला 'प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस' नावाचा जंतू खारट द्रावणात शून्याखाली १५ अंशांवर वाढतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. मात्र एकाचे दोन व्हायला त्याला तिथे ५० दिवस लागतात. आपल्या आतड्यातला एक साधा जंतू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. हाच कॅनडाचा जंतू शून्याखाली २५ अंशांवर वाढत नाही, पण त्याचे कामकाज चालू असल्याची चिन्हे दिसतात. म्हणजे थंडी वाढेल तसा जीव एकेक पायरी खाली उतरतो. ध्रुवावरचे शून्याखाली ४९ अंश पाहता तिथल्या जंतूंना वर्षाचा बहुतेक काळ तिसऱ्या पायरीवरच काढावा लागत असला पाहिजे. ध्रुवाच्या हिमात सुगी नाही. वर्षानुवर्षांचा दुष्काळ आणि गळके कौल, एवढाच संसार.

याच खंडावर, जिथे द्रव पाणी नक्की आहे, तिथे मात्र शंकेला जागा राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१३ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी पश्चिम अंटार्क्टिकात सुमारे ८०० मीटर बर्फाला गरम पाण्याने भोक पाडून खालच्या व्हिलन्स सरोवरातले पाणी वर काढले. तिथे कधी सूर्याचा किरण पोचत नाही. त्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये १ लाख ३० हजारांच्या आसपास जंतू सापडले, आणि ते चांगले कामकाज करीत होते. थंडी इथेही आहे, अंधार तर पुरेपूर आहे, पण पाणी पातळ आहे. जीव अडतो तो पाण्यापाशी. ही गोष्ट दुष्काळी मुलखातल्या माणसाला पटवून द्यायला शास्त्रज्ञाची गरज नाही.

या कामात आपला देशही मागे नाही. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. त्यानंतर 'दक्षिण गंगोत्री', 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती' ही ठाणी उभी राहिली. मैत्री ज्या शिर्माकर टेकड्यांवर आहे, तिथल्या मातीतून हैदराबादच्या पेशीविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी जंतूंच्या नव्या जाती शोधल्या; त्यांतल्या एकीला १९९२ साली 'स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस' असे नाव दिले गेले. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पूर्व अंटार्क्टिकाच्या हिमातले जंतू आणि त्यांना मिळणारे अन्न यांचा अभ्यास केलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे सारे ठीक, पण ध्रुवावरच्या जंतूने आमचे काय बरेवाईट होणार?" त्या जंतूने थेट काही होणार नाही. पण त्याच्यापासून घेण्याचा धडा आपल्या गोठ्यापाशी आणि चुलीपाशी येऊन पोचतो.

दूध घ्या. गावोगावच्या संकलन केंद्रांत आता दूध चार अंशांपर्यंत गार करणाऱ्या टाक्या आल्या आहेत. त्यांनी फार मोठे काम केले आहे, कारण दूध नासवणारे नेहमीचे जंतू चार अंशांवर पहिल्या पायरीवरून खाली उतरतात. पण सगळेच उतरत नाहीत. 'स्यूडोमोनास' नावाच्या कुळातले जंतू ध्रुवप्रदेशातल्या बर्फातही आढळतात, आणि आपल्या मातीपाण्यातही असतात. त्यांतले कित्येक चार अंशांवर हळूहळू वाढत राहतात. त्यांनी सोडलेले काही पाचक रस दूध तापवल्यावरही टिकतात. जंतू मरतो, पण त्याचा रस दुधातल्या स्निग्धांशाला आणि प्रथिनांना पोखरत राहतो, आणि दुधाला कडसर चव येते. तेव्हा टाकी गार आहे म्हणून धार काढताना कास धुतली नाही, किंवा किटली नुसती विसळली तरी चालेल, असे कोणी समजू नये. टाकी जंतूंना थोपवते. त्यांना धुऊन काढायचे काम आपल्या हाताचेच आहे.

बर्फाच्या गोळ्याची आणि सरबताचीही तीच कथा. घाण पाण्याचा बर्फ म्हणजे गोठलेले घाण पाणी. गोठण्यात काही जंतू मरतात, पुष्कळ उरतात, आणि पोटातल्या उबेत ते पुन्हा सुगीला लागतात. हगवण आणि विषमज्वर यांना बर्फाची भीती नाही, उकळीची आहे.

माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. हा विषय वर्गात फळ्यावर संपवू नका. ज्यांच्या घरी फ्रीज असेल अशा एखाद्या विद्यार्थ्याला चमचाभर ताजे दही बर्फाच्या कप्प्यात आठ दिवस ठेवायला सांगा. आठ दिवसांनी ते बाहेर काढून वितळू द्या, आणि त्याचेच विरजण कोमट दुधाला लावा. शेजारी दुसऱ्या भांड्यात तेच दूध विरजण न लावता ठेवा. दही कदाचित थोडे उशिरा लागेल, पण लागेल. मग मुलांना विचारा: हे जंतू आठ दिवस शून्याखाली १८ अंशांवर काय करीत होते? 'मेले होते' म्हणणाऱ्याला दही उत्तर देईल. 'जगत होते' म्हणणाऱ्याला तुम्ही विचारा, मग त्या आठ दिवसांत त्यांची संख्या वाढली काय? ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञांचा वाद झाला, तोच प्रश्न वाटीभर दह्यात तुमच्या मुलांपुढे उभा राहील. प्रयोगाचे दही मात्र कोणाला खाऊ देऊ नका.

शेवटी एकच गोष्ट. अंटार्क्टिकाविषयीचा करार १९५९ साली झाला. भारत त्यात १९८३ साली सामील झाला. त्या खंडाच्या संरक्षणासाठी पुढे जे नियम झाले त्यांनुसार १९९४ सालापर्यंत तिथून घसरगाड्या ओढणारी कुत्री हलवण्यात आली, आणि बाहेरची निर्जंतुक न केलेली माती तिथे नेण्यावर बंधन आले. कुत्र्यांवर हा अन्याय वाटेल, पण कारण साधे आहे. कुत्र्यांबरोबर आणि मातीबरोबर बाहेरचे रोग आणि जंतू जातात. आपल्या बुटांना लागलेले जंतू एकदा त्या हिमात मिसळले, की मूळचा रहिवासी कोण आणि उपरा कोण, हे पुढच्या पिढीला कधीच ओळखता येणार नाही. शेकडो वर्षे गळके कौल सारखे करीत बसलेले हे बिऱ्हाड आहे. त्याच्या दारात जाताना पाय पुसून जावे, एवढी शिस्त माणसाने पाळलीच पाहिजे.